सरदसमय : ऋतुनियम, नक्षत्रगणना आणि पवारणा

गेल्या वर्षावासात लातूर जिल्ह्यातील एका गावी ग्रंथपठनाच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन आटोपले आणि उपासक-उपासिका विहाराच्या ओट्यावर बसून शेतीवाडीच्या गोष्टी बोलू लागल्या. एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, "मघा निघायला आल्या. पूर्वा लागायच्या आत मूग खळ्यावर यायला पायजे." शेजारी बसलेले तरुण शिक्षक चटकन म्हणाले, "बाबा, आपण आता बौद्ध आहोत. मघा, पूर्वा कशाला? ते पंचांग आपण सोडलं." वृद्ध उपासक काहीच बोलले नाहीत. आम्हीही गप्प राहिलो.

परतीच्या वाटेवर आमचे ते गप्प राहणे आम्हाला बोचू लागले. शिक्षकांचा हेतू शुद्ध होता. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या अंधश्रद्धेच्या चिखलातून बाहेर काढले, त्यात पुन्हा पाय पडू नये, ही त्यांची तळमळ. पण वृद्ध उपासकांनी तरी काय सांगितले होते? मुहूर्त सांगितला नव्हता, ग्रहशांती सांगितली नव्हती. मूग केव्हा काढावा, एवढेच सांगितले होते. मग यात त्याज्य काय आणि ग्राह्य काय? पाली साहित्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

चीनमधील 'छू-शू'

प्रारंभ थोडा दूरून करू. चीनमध्ये वर्षाचे चोवीस भाग पाडण्याची प्राचीन पद्धत आहे. सूर्य आकाशातील आपल्या मार्गावर १५ अंश पुढे सरकला की एक भाग संपतो व दुसरा सुरू होतो. ३६० अंशांचे चोवीस भाग, प्रत्येक भाग सुमारे पंधरा दिवसांचा. पीत नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून ही गणना आकारास आली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील चिनी ग्रंथात चोवीसही नावे आढळतात. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचा समावेश केला.

या चोवीस भागांपैकी शरदाच्या आरंभीचे तीन असे : 'ली-छिऊ' म्हणजे शरदाचा प्रारंभ, ७ किंवा ८ ऑगस्टच्या सुमारास, 'छू-शू' म्हणजे उष्म्याचा विराम, २३ ऑगस्टच्या सुमारास, आणि 'पाय-लू' म्हणजे शुभ्र दव, ७ किंवा ८ सप्टेंबरच्या सुमारास. आपला विषय यांतील मधला, छू-शू. जुन्या चिनी परंपरेत त्याचे पाच-पाच दिवसांचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात ससाणा पक्ष्यांची शिकार करून ती मांडून ठेवतो, दुसऱ्यात निसर्गाचा बहर ओसरून सृष्टी गंभीर होऊ लागते, तिसऱ्यात धान्य पिकते. उष्मा 'विरामला' असे नाव असले तरी तो एकदम जात नाही. त्या परतून येणाऱ्या उकाड्याला तिकडे 'शरदातला वाघ' म्हणतात. आपण ज्याला 'ऑक्टोबरचा उकाडा' म्हणतो, त्याचाच हा भाऊ म्हणावा लागेल.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. या नावांत शुभ-अशुभ काही नाही. ऊन, दव, धान्य, पक्षी, म्हणजे डोळ्यांनी दिसते आणि अंगाला जाणवते तेवढेच आहे. चिनी लोकांतही मुहूर्त पाहण्याची प्रथा आहेच. परंतु ऋतुगणना ही त्या प्रथेहून वेगळी काढता येते, एवढे यावरून स्पष्ट होते.

तोच बिंदू आपल्याकडे

छू-शूच्या क्षणी सूर्य वसंतसंपातापासून १५० अंशांवर असतो. भारतीय सिद्धांतग्रंथांत शरद ऋतूचा आरंभ कोठे सांगितला आहे? कन्या राशीच्या प्रवेशाशी, म्हणजे सायन गणनेने नेमका १५० अंशांवर! चिनी शरद पंधरा अंश अगोदर सुरू होतो. परंतु त्यांचा 'उष्म्याचा विराम' आणि आपला 'शरदारंभ' हे आकाशातील एकाच बिंदूची दोन नावे आहेत.

स्वतंत्र भारताने हा बिंदू स्वीकारला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्यात भाद्र महिन्याची पहिली तारीख दरवर्षी २३ ऑगस्टला येते. आकाशवाणीवर इंग्रजी तारखेबरोबर सांगितली जाणारी शके तारीख ती हीच. साहा हे भौतिकशास्त्रज्ञ होते. ऋतूंशी फारकत घेतलेले पंचांग पुन्हा ऋतूंशी जोडावे, हा त्यांचा आग्रह होता.

आता आपल्या गावातील मघांकडे वळू. नांदेड-लातूरचा शेतकरी जी 'नक्षत्रे' बोलतो ती चंद्राची नव्हेत, सूर्याची होत. सूर्याच्या मार्गाचे २७ समान भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. सूर्य एकेका भागात तेरा-चौदा दिवस राहतो. सांप्रत १६-१७ ऑगस्टला मघा लागतात, ३०-३१ ऑगस्टला पूर्वा, १३ सप्टेंबरच्या आसपास उत्तरा, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, १०-११ ऑक्टोबरला चित्रा आणि २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. म्हणजे चीनचे छू-शू आपल्या मघांच्या मध्यावर येते. एवढेच नव्हे, तर मघा नक्षत्राचा जो तेजस्वी तारा, तो सध्या जवळजवळ नेमका १५० अंशांवर आहे. २३ ऑगस्टच्या सुमारास सूर्य त्या ताऱ्याच्या अगदी शेजारून जातो. वृद्ध उपासकांच्या तोंडचे 'मघा' आणि चिनी शेतकऱ्याच्या तोंडचे 'छू-शू' ही एकाच आकाशस्थितीची दोन नावे ठरतात. भाषा निराळी, सूर्य एकच.

पाली साहित्यातील सरदसमय

पाली ग्रंथांत वर्षाचे मुख्य ऋतू तीन : हेमन्त, गिम्ह आणि वस्सान. प्रत्येकी चार महिन्यांचे. शरद हा स्वतंत्र चौथा ऋतू नसून वस्सानाच्या अखेरीचा काळ आहे. त्याला 'सरदसमय' म्हटले आहे. इतिवुत्तकात मैत्रीभावनेची थोरवी सांगताना जी उपमा येते ती याच काळाची आहे. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, ढग निघून गेलेल्या स्वच्छ आकाशात सूर्य वर चढतो आणि सारा अंधार हटवून तळपतो. मैत्रीने मुक्त झालेले चित्त तसे इतर सर्व पुण्यकर्मांना झाकून टाकते, असा तिचा आशय आहे. धम्मपदात शरदातील कुमुदाचा दृष्टांत आसक्ती तोडण्याच्या संदर्भात येतो. भगवान बुद्धांची दृष्टी ऋतूंकडे किती बारकाईने लागलेली होती, हे अशा स्थळांवरून कळते.

परंतु सरदसमय केवळ रम्य नव्हता. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. त्याच्या आरंभी सावत्थीतील एक प्रसंग येतो. भिक्खूंना 'सारदिक आबाध', म्हणजे शरदातला आजार जडला. प्यालेली पेज पोटात ठरेना, खाल्लेला भात उलटून पडे. भिक्खू कृश झाले, निस्तेज झाले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी त्यांची स्थिती पाहिली आणि औषध मानले जाईल, अन्नाचेही काम करील, पण जड आहार ठरणार नाही असे काय द्यावे, याचा विचार केला. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी अशा पाच औषधांची अनुज्ञा त्यांनी दिली. प्रथम ती दुपारपूर्वीच घ्यावयाची होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा कोणत्याही वेळी घेण्यास मोकळीक दिली.

अट्ठकथाकारांनी या आजाराची कारणे दिली आहेत, ती वाचून आश्चर्य वाटते. या दिवसांत माणसे पावसाने भिजतात, चिखल तुडवतात, मध्येच कडक ऊन पडते आणि त्यातून पित्ताचा विकार उद्भवतो, असे ते सांगतात. तेथे कोठेही ग्रहकोप नाही, देवीचा कोप नाही. पाणी, चिखल आणि ऊन ही कारणे आहेत आणि उपाय औषधाचा आहे. आज आपण पित्ताऐवजी दूषित पाणी व डास म्हणू, हिवताप, डेंग्यू, अतिसार ही नावे घेऊ. परंतु कारण शोधावे, उपाय करावा आणि नियम रुग्णाच्या आड येत असेल तर तो शिथिल करावा, ही विचाराची दिशा तीच राहते.

दोन प्रकारचे नक्षत्रज्ञान

नक्षत्रांविषयी भगवंतांचे धोरण काय होते, हा आता मुख्य प्रश्न. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने कोणत्या उपजीविका वर्ज्य कराव्यात याची लांबलचक यादी आहे. चंद्रसूर्याची ग्रहणे, नक्षत्रांचे सुपथ-कुपथ, उल्कापात, भूकंप, यांवरून भाकिते सांगून पोट भरणे हे त्या यादीत मिथ्या आजीविका म्हणून येते. पाऊस भरपूर पडेल की अवर्षण होईल, हे भविष्य सांगण्याचाही तेथे निषेध आहे.

नक्खत्तजातकातील कथा सर्वांना माहीत असावी अशी आहे. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलीशी सोयरीक जुळवून दिवस ठरवला आणि मग आपल्या नेहमीच्या आजीवकाला विचारले, आज नक्षत्र चांगले आहे ना? आधी विचारले नाही म्हणून तो रागावलेला. त्याने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्या मंडळींनी वाट पाहून मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पोहोचले तेव्हा उरले ते भांडण. त्या वेळी एका सुज्ञाने सांगितले की काम साधणे हेच काय ते शुभ नक्षत्र, आकाशातील तारे त्यात काय करणार?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे विनयात आहे, पण तिची चर्चा क्वचितच होते. चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात अरण्यवासी भिक्खूंची एक हकीकत आहे. चोर त्यांच्याकडे आले. पाणी आहे का, अग्नी आहे का, असे त्यांनी विचारले. भिक्खूंकडे काहीच नव्हते. मग चोरांनी विचारले, आज कोणते नक्षत्र आहे? ठाऊक नाही. ही दिशा कोणती? तेही ठाऊक नाही. हे भिक्खू नव्हेतच, असे म्हणून चोरांनी त्यांना मारहाण केली. ही घटना कळल्यावर भगवंतांनी अरण्यवासी भिक्खूंसाठी जी कर्तव्ये घालून दिली त्यांत पाणी व अग्नी सिद्ध ठेवण्याबरोबर नक्षत्रांची स्थाने शिकणे आणि दिशा ओळखणे यांचाही समावेश केला. तसेच महावग्गाच्या उपोसथक्खन्धकात लोकांनी भिक्खूंना विचारले, आज पक्षातील कितवा दिवस? भिक्खूंना सांगता येईना. लोक म्हणाले, यांना दिवसही मोजता येत नाहीत, मग आणखी चांगले काय येणार? तेव्हा सर्वांनी पक्षगणना शिकावी, अशी अनुज्ञा दिली गेली.

या दोन बाजूंत विसंगती नाही. नक्षत्रावरून माणसाचे भाग्य सांगणे वर्ज्य आहे. नक्षत्रावरून काळ व दिशा ओळखणे हे कर्तव्य आहे. पहिले अज्ञानावर जगते, दुसरे निरीक्षणावर. सम्राट अशोकानेही आपल्या लेखांचे वाचन तिष्य नक्षत्राच्या दिवशी व्हावे आणि विशिष्ट दिवशी प्राणिहिंसा होऊ नये, अशा आज्ञा दिल्या. तेथे नक्षत्र हे तारखेचे काम करते, त्याहून अधिक काही नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच भेद अधिक मूलगामी पातळीवर मांडला आहे. आकाशस्थ गोलांच्या गतीत व्यवस्था आहे, ऋतूंच्या येण्याजाण्यात व्यवस्था आहे, बीजापासून वृक्ष होण्यात व्यवस्था आहे. बौद्ध परिभाषेत या व्यवस्थांना ऋतुनियम, बीजनियम म्हणतात. आणि मानवी समाजातील नैतिक व्यवस्था ईश्वरावर नव्हे, कर्मनियमावर उभी असते. ऋतुनियम सूर्य, पाणी आणि वारा यांच्या आधारे चालतो, कर्मनियम माणसाच्या कृतीच्या आधारे. पहिल्याचे दुसऱ्यावर आरोपण करणे, म्हणजे तारे पाहून माणसाची योग्यता ठरवणे, ही ज्योतिषाची मूळ चूक आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेशी या चुकीचे नाते किती निकटचे आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पंचांगातील वाहन आणि शेतातील वाफसा

आता हा भेद आपल्या शेतावर लावून पाहू. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन दिलेले असते : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्य नव्या नक्षत्रात जाताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून प्राणी ठरवायचा. म्हैस वा बेडूक आला की पाऊस चांगला, गाढव आले की कमी, अशी समजूत. हा साधा भागाकार आहे. त्यात समुद्राचे तापमान नाही, वाऱ्याची दिशा नाही, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा नाही. शिवाय त्या दिवशीचे वाहन साऱ्या महाराष्ट्राला एकच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरला सुमारे आठशे, नांदेडला त्याहून थोडा अधिक. एकाच म्हशीने दोन्हीकडे सारखा पाऊस कसा आणावा? हे सर्वथा त्याज्य आहे.

परंतु "पूर्वा लागण्यापूर्वी मूग काढा" हे विधान निराळ्या जातीचे आहे. जूनअखेर पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत तयार होतो. ऑगस्टच्या अखेरीस शेंगा भरतात. त्या उभ्या ठेवून वर पाऊस झाला तर दाण्याला कोंब फुटतात. हा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे आणि 'पूर्वा' हे त्या अनुभवाच्या तारखेचे नाव आहे. ज्यांच्या घरी अक्षरे पोहोचू दिली नव्हती, त्यांनी आकाशाची दिनदर्शिका केली. अस्पृश्य गणलेल्या सालगड्याने आणि शेतमजूर स्त्रीने घाम गाळून जपलेले हे ज्ञान भटजीच्या पोथीतून आलेले नाही. पोथीने त्यावर वाहन बसवले, एवढेच.

तथापि हे ज्ञानही नित्य नाही. नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि ऋतू संपातबिंदूला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिमंद डोलतो. त्यामुळे या दोहोंत सुमारे ७१ वर्षांत एका दिवसाचा फरक पडत जातो. भगवान बुद्धांच्या काळापासून आजवर हा फरक सुमारे ३५ दिवसांचा झाला. आज सूर्य मघा ताऱ्याजवळ २३ ऑगस्टच्या सुमारास येतो; त्या काळी तो ऋतुमानाने आजच्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येत असे. म्हणजे बुद्धकाली मघा हे ऐन पावसाचे नक्षत्र होते. आज ते शरदाच्या उंबरठ्यावर आहे. हजार वर्षांनी ते आणखी चौदा दिवस पुढे सरकेल. जे नक्षत्र स्वतःच ऋतूमागून ऋतू बदलत जाते, ते ऋतूचे कारण कसे असेल? ते केवळ खूण आहे. अनिच्चतेचा पाठ यापेक्षा स्पष्ट कोठे मिळावा?

अनुभवाची वचनेही परिस्थितीबरोबर बदलतात. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. ज्या काळी या भागात रब्बी ज्वारीला मान होता त्या काळी ती खरी होती. हस्त-चित्रात पेरलेल्या ज्वारीला स्वातीची एक सर म्हणजे जीवदान. गेल्या काही दशकांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरले. ते सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरात काढणीला येते. शेतात कापून पडलेल्या सोयाबीनवर किंवा नीट न झाकलेल्या बनीमवर तोच हस्त-चित्राचा पाऊस पडला तर शेंगेतच कोंब फुटतात आणि वर्षाची कमाई काळी पडते. पाऊस तोच, नक्षत्र तेच. पीक बदलले आणि मोत्याची माती झाली. प्रत्येक गोष्ट कारणसामग्रीवर अवलंबून असते, या पटिच्चसमुप्पादाच्या सिद्धांताचे हे आपल्या शेतातील उदाहरण होय.

आणि निसर्ग तारखा पाळीलच असेही नाही. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. वायव्य भारतातून परतीचा प्रवास सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यास नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली. सप्टेंबरात मराठवाडाभर उभी पिके वाहून गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली तेव्हा सूर्य हस्त नक्षत्रात होता. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या हस्ताने कोणाला सावध केले नाही, आणि त्याने कोणाला मारलेही नाही. मारले ते जमिनीच्या पोटातील हालचालीने आणि वर जड दगड रचलेल्या घरांनी. यांपैकी घर बांधणे तेवढे माणसाच्या हाती असते, आणि ज्योतिषी नेमके तेवढेच सांगत नाही.

वर्षावास केव्हा संपतो?

गणना शिकण्याची गरज केवळ शेतीपुरती नाही. आपल्या धम्मजीवनाशीही तिचा थेट संबंध आहे. विनयाप्रमाणे वर्षावास तीन महिन्यांचा. पहिला प्रारंभ आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुसरा त्यानंतर महिन्याने. पहिल्याची पवारणा आश्विन पौर्णिमेस येते. चीनमध्ये मात्र भिक्खुसंघ चौथ्या महिन्याच्या सोळाव्या दिवसापासून सातव्या महिन्याच्या पंधराव्यापर्यंत वास करी. हा सातवा महिना ओळखण्याची खूण म्हणजे छू-शू, कारण ज्या चांद्रमासात छू-शू येते तोच सातवा महिना. त्यामुळे चिनी संघाची पवारणा शरदाच्या आरंभी आणि आपली शरदाच्या भरात येते. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने ही तफावत नोंदवली आहे. भारतातील भिक्खू पाचव्या महिन्याच्या सोळाव्यापासून आठव्याच्या पंधराव्यापर्यंत किंवा त्याच्या एक महिना पुढे वास करतात असे तो सांगतो आणि आपल्या देशातील पूर्वीच्या अनुवादकांची समजूत चुकली असा अभिप्राय देतो. त्याच्या हिशेबात आश्विन पौर्णिमा म्हणजे चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा. आज ती बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेशी जुळते. वर सांगितलेल्या अक्षाच्या डोलण्याचाच हा परिणाम.

आपल्याकडे अडचण येते ती अधिकमासाच्या वर्षी. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, हा आपला नियम. चिनी नियमही याच धर्तीचा आहे. २०२० साली आषाढ पौर्णिमा ५ जुलैला होती. तीन महिने १ ऑक्टोबरच्या पौर्णिमेला पूर्ण भरले. परंतु तो अधिक आश्विन ठरला आणि निज आश्विनाची पौर्णिमा ३०-३१ ऑक्टोबरला आली. २०२३ साली अधिक श्रावण होता. आषाढ पौर्णिमा ३ जुलैला आणि आश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबरला, म्हणजे अंतर चार चांद्रमासांचे. श्रीलंका व थायलंड येथे त्या वर्षी आषाढीची पौर्णिमा १ ऑगस्टला पाळली गेली आणि तीन महिन्यांचा हिशेब जुळला. महावग्गात याला आधार आहे. राजा बिंबिसाराने वर्षावास एका पौर्णिमेने पुढे न्यावा अशी विनंती केली, तेव्हा भगवंतांनी राजाच्या गणनेस अनुसरण्याची अनुज्ञा दिली.

बाजारातील पंचांगात आश्विन कोठे छापला आहे ते पाहून पवारणा ठरवायची, की विनयातील 'तीन महिने' मोजून ठरवायची, हा निर्णय भिक्खुसंघाने व उपासकांनी एकत्र बसून घेतला पाहिजे. आमच्या मते दुसरा मार्ग विनयाला धरून आहे. परंतु त्यासाठी विहाराविहारांत पक्षगणना जाणणारी माणसे हवीत. आम्ही पंचांग सोडले असे म्हणायचे आणि अधिकमासाच्या वर्षी पंचांगाकडेच पाहायचे, ही आजची आपली स्थिती लाजिरवाणी आहे.

पवारणेचा अर्थ

नांदेड-लातूरच्या भूमीला हे विचार परके नाहीत. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातील बावरी गोदावरीच्या तीरावर, अस्सक देशाच्या सीमेवर राहत होता. मस्तक फुटण्याच्या शापाने तो घाबरला, तेव्हा त्याने शांतिविधी केला नाही. आपले सोळा शिष्य प्रश्न विचारण्यासाठी त्याने भगवंतांकडे पाठवले. त्याच्या नावाने नांदेडजवळ दाभड येथे बावरीनगरचे महाविहार उभे आहे. भय वाटले तर प्रश्न विचारावा, हा या गोदातीराचा जुना वारसा आहे.

त्या वारशाला धरून आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराने आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एक वही ठेवावी. रोजचा पाऊस पर्जन्यमापकाने मोजून लिहावा. मूग, उडीद, सोयाबीन केव्हा काढले, पेर केव्हा झाली, ताप व अतिसाराचे रुग्ण कोणत्या आठवड्यात वाढले, हे लिहावे. तारखेशेजारी सूर्यनक्षत्रही लिहावे, म्हणजे आजोबांची भाषा आणि नातवाची भाषा एकाच पानावर येईल. वाहन मात्र लिहू नये. दहा वर्षांनी ती वही गावाला कोणत्याही पंचांगापेक्षा अधिक सांगेल.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, पवारणेच्या पौर्णिमेच्या काही दिवस आधी, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी टाकून दिलेल्या गोष्टी आपण पुन्हा उचलायच्या नाहीत. परंतु आपल्या आईबापांच्या कष्टाचे ज्ञान त्या टाकून दिलेल्या गोष्टींत नव्हते, हेही विसरायचे नाही.

पवारणा म्हणजे काय? तीन महिने एकत्र राहिल्यानंतर भिक्खू संघाला विनवतो की माझ्याकडून घडलेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची शंका आली असेल, तर अनुकंपेने सांगावा. कळल्यावर मी तो दुरुस्त करीन. त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर एका वृद्ध उपासकाला आपले ज्ञान अधम्म आहे असे ऐकून घ्यावे लागले आणि पाली जाणणारे आम्ही शेजारी गप्प बसलो. तो दोष आमचा. येत्या आश्विन पौर्णिमेला त्याच गावी जाऊन वत्तक्खन्धकातील अरण्यवासी भिक्खूंची ती हकीकत वाचून दाखवावी, असे आम्ही ठरवले आहे. शिक्षक तेथे असतील, आणि ते वृद्ध उपासकही असतील. त्यांनी मूग पूर्वा लागण्यापूर्वीच काढला होता, असे मागाहून कळले.